हेडफोनची केबल बदलताना

एका कानात आवाज येईनासा झाला की दोष बहुधा प्लगजवळ किंवा कानावरच्या कपात शिरताना वाकणाऱ्या तारेत असतो. ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) क्वचितच गेलेला असतो. केबल कपातून सुटी होणारी असेल तर नवी आणून लावा, विषय संपला. आतून सोल्डर केलेली (वितळवलेल्या धातूने जोडलेली) असेल तर कप उघडून कोणती तार कुठे आहे याचा आधी फोटो काढा.

बारीक केबलमधल्या लाल-हिरव्या तारांवर प्लास्टिक नसते, लाखेचा थर असतो. तो तसाच राहिला तर सोल्डर धरत नाही. चाकूने खरवडू नका, तार तुटते. सुमारे ३५० अंशांवर तापलेल्या सोल्डरिंग गनच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्या आणि तारेचे टोक त्यात बुडवून ठेवा. लाख जळून तार चकाकते. धूर नाकात जाऊ देऊ नका.

ड्रायव्हरच्या टर्मिनलवर (तार जोडायच्या जागी) मात्र दोन-तीन सेकंदांत काम उरका, नाहीतर कॉइलची केसासारखी तार सुटते आणि मग ड्रायव्हरच बदलावा लागतो. ड्रायव्हरमधला चुंबक गनचे लोखंडी टोक ओढून घेतो, तेव्हा हात घट्ट टेकवा.

३.५ मिमी प्लगमध्ये टोक डावे, मधली रिंग उजवी, मागचा भाग ग्राउंड (दोन्ही बाजूंची सामाईक तार). प्लगचे कव्हर सोल्डर करण्याआधीच केबलमध्ये ओवा (हे हमखास राहते!). कपात केबलला एक गाठ मारा, म्हणजे ताण सांध्यावर येणार नाही. शेवटी मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज असलेले) गाणे लावा: आवाज मधोमध न येता पोकळ, बेसविना वाटला तर एका बाजूच्या तारा उलट्या जोडल्या आहेत.