कंपनीची वाटणी होते तेव्हा भागधारकाने काय करावे

6 जानेवारी 2025 रोजी सकाळी शाहूपुरीतील एका गूळ व्यापाऱ्याचा मला फोन आला. आयटीसीचा शेअर एका रात्रीत सुमारे 26 रुपयांनी कसा घसरला, असा त्यांचा प्रश्न होता. प्रत्यक्षात शेअर घसरला नव्हता. हॉटेलांचा व्यवसाय आयटीसीतून वेगळा काढण्यासाठीची ती रेकॉर्ड डेट, म्हणजे नवे शेअर कोणाला मिळणार हे ठरवण्याची तारीख होती आणि बाजार उघडण्यापूर्वीच्या विशेष सत्रात हॉटेले वगळून उरलेल्या कंपनीचा भाव ठरला होता. दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर त्यांना मिळणार होता, पण तो डीमॅट खात्यात येऊन 29 जानेवारीला बाजारात नोंदला जाईपर्यंत ॲपवर केवळ लाल आकडा दिसत राहिला.

कंपनीचा एक व्यवसाय असा वेगळा काढणे, म्हणजेच डिमर्जर, ही घरातल्या जमिनीची वाटणीच होय. चार एकर ऊस दोन भावांत वाटला म्हणून उसाचे टनेज वाढत नाही. मात्र विहीर कोणाकडे गेली आणि सेवा सोसायटीचे कर्ज कोणाच्या नावावर चढले, यावर पुढची वर्षे ठरतात. म्हणून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे मंजुरीसाठी जाणारी योजना आणि नव्या कंपनीच्या नोंदणीपूर्वी शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येणारे माहितीपत्रक, ही दोन कागदपत्रे कंटाळवाणी असली तरी वाचावीत आणि त्यांत आधी कर्जाची विभागणी पाहावी. मूळ कंपनीने स्वतःकडे किती हिस्सा ठेवला, हेही तिथेच कळते: आयटीसीने हॉटेल कंपनीत सुमारे 40 टक्के हिस्सा राखला, तर रिलायन्समधून 2023 साली वेगळ्या झालेल्या जिओ फायनान्शियलचे शेअर एकास एक या प्रमाणात थेट भागधारकांना मिळाले.

पात्रतेचा नियम सोपा आहे. आपल्याकडे सौदापूर्ती, म्हणजे घेतलेला शेअर खात्यात येणे, सौद्याच्या पुढच्याच कामकाजाच्या दिवशी होत असल्याने शेअर रेकॉर्ड डेटच्या किमान एक कामकाजाचा दिवस आधी विकत घेतलेला असावा लागतो. आयटीसीचे 105 शेअर असलेल्याच्या वाट्याला हॉटेल्सचे दहा शेअर आणि उरलेल्या अर्ध्या शेअरचे पैसे आले.

खरी चूक होते ती खरेदी किमतीत. नवा शेअर फुकट मिळाला असे समजून अनेकजण त्याची किंमत शून्य धरतात, आणि काही ॲपही सुरुवातीला तसेच दाखवतात. कायद्याप्रमाणे तुमची मूळ खरेदी किंमत दोन कंपन्यांत वाटली जाते, आणि ती बाजारभावाच्या नव्हे, तर ताळेबंदातील मालमत्तेच्या निव्वळ पुस्तकी मूल्याच्या प्रमाणात. हे प्रमाण कंपनी स्वतः जाहीर करते. आयटीसीने ते 86.49 आणि 13.51 टक्के असे दिले. 400 रुपये दराने घेतलेल्या शंभर शेअरच्या 40,000 रुपयांपैकी 5,404 रुपये हॉटेलच्या दहा शेअरांवर गेले, म्हणजे एका शेअरची खरेदी किंमत 540.40 रुपये झाली. नोंदणीच्या दिवशी भाव 180 ते 188 रुपयांच्या आसपास उघडला. त्या व्यापाऱ्यांनी 180 ला विकून ‘अठराशे रुपये नफा’ म्हणून पेढे वाटण्याची तयारी केली होती. त्यांच्या हिशेबात प्रत्यक्षात 3,604 रुपयांचा भांडवली तोटा होता, आणि तो त्यांच्या उपयोगाचा होता. जिओच्या बाबतीत उलट घडले: प्रमाण 95.32 आणि 4.68 टक्के असल्याने 2,300 रुपयांच्या रिलायन्समागे जिओची किंमत 107.64 रुपये बसली आणि नोंदणीचा भाव 260 च्या पुढे होता, म्हणून विकणाऱ्यांना नफा दाखवावा लागला.

शेअर जवळ ठेवल्याचा काळ मात्र मूळ शेअर घेतल्याच्या तारखेपासूनच मोजला जातो. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ झाला असेल तर दीर्घ मुदतीचा तोटा केवळ दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो. उरलेला आठ वर्षे पुढे नेता येतो, पण त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरलेले हवे. 1 फेब्रुवारी 2018 पूर्वीची खरेदी असल्यास हिशेब गुंतागुंतीचा होतो, तेव्हा सीएकडे जाताना कंपनीचे प्रमाणाचे पत्र छापून न्यावे.

विकण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. नव्या शेअरला पहिले दहा दिवस ट्रेड-टू-ट्रेड गटात ठेवतात, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही, आणि दिवसभरातील चढउताराची भावमर्यादा पाच टक्क्यांची असते. मूळ कंपनी निर्देशांकात असेल तर नवीही काही दिवस त्यात राहते; निर्देशांकावर चालणारे फंड ती बाहेर जाताना तिचे शेअर विकतात, मग त्यांना तो व्यवसाय आवडो वा न आवडो. ऑगस्ट 2023 मध्ये जिओ फायनान्शियल सलग काही दिवस खालच्या मर्यादेला अडकला, तो मुख्यतः याच कारणाने. ही सक्तीची विक्री ओसरल्यावर त्या कंपनीचा एक तिमाही निकाल पाहावा, आणि तो शेअर आज स्वतःच्या पैशाने विकत घेतला असता का, हे ठरवून मगच ठेवावा किंवा विकावा.