डोंगरावरची घाणेरी काढायला निघण्याआधी

पाऊस स्थिरावला की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर श्रमदानाचे बेत शिजायला लागतात. झाडं लावायचे बेत भरपूर, उपटायचे मात्र मोजके. डोंगरउतारावर माजलेली घाणेरी (लँटाना), म्हणजे काही जण जिला टणटणी म्हणतात ते परकं काटेरी झुडूप, काढायला यंदा तुमचा गट निघणार असेल, तर पुढची यादी तुमच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी नावं लिहा. यंदा येणाऱ्यांची नावं नंतर लिहिता येतील. पुढच्या पावसाळ्यात आणि त्याच्याही पुढच्या पावसाळ्यात याच तुकड्यावर परत कोण येणार, त्यांची आधी लिहा. ती मिळत नसतील तर यंदा जाऊ नका, हे मी गंमत म्हणून सांगत नाही. घाणेरी वरून छाटली की बुंध्यातून दुपटीने फुटते. मुळासकट काढली तरी तिचं बी मातीत पडलेलं असतंच, आणि सावली हटून ऊन लागलं की ते रुजतं. एकदाच जाऊन मोकळं केलेलं रान दोन पावसात पहिल्याहून दाट होऊ शकतं. म्हणून तुकडा छोटा घ्या. दाट जाळी साफ करायला नवख्या माणसांना वाटतं त्याहून जास्त वेळ लागतो. सगळा डोंगर मोकळा करायची घोषणा बॅनरवर शोभते, तिथेच राहू द्या.

मग परवानगी. डोंगर बहुधा वन खात्याच्या ताब्यातला असतो, त्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या. जागा, तारीख, माणसं किती, हत्यारं कोणती, सगळं त्यात असू द्या. कोयते-कुऱ्हाडी घेऊन वीस माणसं रानात शिरली तर वनरक्षकाने अडवायलाच हवं. नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याशेजारचा बोरगड डोंगर 2008 पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे तर खात्याला बरोबर घेतल्याशिवाय काडीही हलवायची नाही. शिवाय माथ्यावर हवाई दलाचं रडार आहे, तेव्हा ड्रोनची हौस घरीच ठेवा. पांडवलेणीच्या डोंगरावर लेण्यांच्या आसपास खोदायचा विषय निघाला, तर पुरातत्त्व खात्याशीही बोलावं लागेल.

कागद हाती आला तरी गावात गेल्याशिवाय तारीख पक्की करू नका. सरपंच आणि वन समितीचे लोक यांना भेटाच, पण माझ्या मते खरा माणूस म्हणजे गुराखी. त्याला विचारा, ‘बाबा, तुमच्या लहानपणी गुरं कुठवर चरायची?’ तो बोट दाखवेल तिथवर एकेकाळी गवत होतं, आणि आपल्याला तेच परत हवं आहे. गुरं घाणेरीला सहसा तोंड लावत नाहीत. टंचाईत खाल्लीच तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. गुरं गवत खातात आणि हिला सोडतात, मग रान कोणाचं होणार ते उघड आहे. गवत गेलं की तित्तर, लावे, ससे यांचा आसरा आणि दाणापाणी आटतं, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या शिकारी पक्ष्यांचंही. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही झुडपं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. पुढचं काम बुलबुल आणि साळुंक्यांनी तिची काळी फळं खाऊन केलं.

गावातल्या बायकांशीही बोला. घाणेरीच्या वाळक्या काठ्या चुलीला चालतात, म्हणून काहींना ही जाळी सोयीची वाटते. तुम्ही काढलेल्या काठ्या कुठे रचायच्या आणि कोण नेणार, हे त्यांनीच ठरवलेलं बरं.

वेळ मात्र जरा किचकट आहे. माती ओली असताना मूळ सुटतं, म्हणून जुलै-ऑगस्ट सोयीचे. नेमके तेव्हाच काही पक्षी अंड्यांवर असतात. बुलबुलाला ही जाळीच आवडते, टिटवी उघड्या दगडगोट्यांत अंडी घालते, लावे गवतात. त्यासाठी आदल्या दिवशी गटातल्या पक्षीवेड्याला तुकड्यावरून सावकाश फिरवून आणा. घरटं दिसलं तर त्या झुडपाला रंगीत फीत बांधा आणि ते झुडूप यंदा विसरा. उरलेलं काम थांबवायचं कारण नाही.

ओळख पटवण्यासाठी आदल्या संध्याकाळी तासभर काढा. घाणेरीचं खोड चौकोनी, त्यावर बारीक वाकडे काटे, पानं समोरासमोर आणि खरखरीत, चुरगळली की उग्र वास. निर्गुडीच्या पानाला तीन किंवा पाच पर्णिका असतात, ती आपली आहे, तिला हात लावायचा नाही. करवंदाची जाळी, कारवी, दिंडा यांनाही नाही. नवखा माणूस जोशात आला की काटे दिसेल ते उपटतो, म्हणून चार माणसांमागे एक जाणकार ठेवा. रानमोडी आणि रानतुळसही परकीच, पण एका दिवशी एकच शत्रू पुरे. गाजरगवत वाटेवर दिसलं तर फुलायच्या आत आणि हातमोजे घालूनच उपटा, त्याने कातडीला खाज सुटते.

आता हत्यारं. टिकाव, पहार, कुदळ, कोयते, फांद्या ओढायला दोर, फळांसाठी गोणपाटाच्या पिशव्या, कातडी हातमोजे, गमबूट. रबरी हातमोज्यांतून काटे आरपार जातात. काढायची रीत अशी: आधी पिकली फळं असलेल्या फांद्या छाटून पिशवीत. मग बुंध्याभोवतीची माती बाजूला करून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे खोड मातीला टेकून पुन्हा मूळ धरत नाही. ही पद्धत दिल्ली विद्यापीठातल्या प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळवली. संबंध मुळी खणून काढायच्या नादात उतारावरची माती मोकळी होते आणि पुढच्या सरीत वाहून जाते, ती चूक यात टळते. सुरुवात दाट जाळीपासून करू नका. जिथे गवत अजून जिवंत आहे आणि घाणेरी तुरळक आहे, त्या कडेपासून आत सरका. फोटो तितके झकास येत नाहीत, पण बाजूचं गवत स्वतःच मोकळी जागा भरत येतं. काढलेलं डोंगरावर पेटवायचं नाही, कुणी कितीही सोपं आहे म्हणालं तरी.

साप आणि बिबट्या यांची भीती बाळगण्यापेक्षा शिस्त बाळगा. दगडाळ उतारावर फुरसं हा विषारी साप असतो, तो लहान असतो आणि दिसत नाही. जाळीत हात घालण्याआधी काठीने खडखडवा, दगड हाताने उलटू नका. चावलंच तर बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अवयव स्थिर ठेवून थेट दवाखाना, आणि सापाची लस कुठे आहे ते आदल्या दिवशीच फोन करून विचारलेलं हवं. 108 चा फोन लागतो का, हेही डोंगरावरच तपासा. नाशिकभोवती बिबट्या असतोच. उजाडण्याआधी वर चढायचं नाही, एकट्याने जाळीत शिरायचं नाही, बोलत राहायचं. पिल्लं दिसली तर उचलायची नाहीत, फोटोही नाही. सगळे मागे फिरा आणि वन खात्याच्या 1926 वर कळवा.

हमखास कुणीतरी विचारतं, मोकळ्या जागेत रोपं लावूया ना? पहिल्या वर्षी काहीच लावू नका, गवताला संधी द्या. दुसऱ्या वर्षी लावलीत तर त्याच डोंगरावरच्या झाडांचं बी. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड तर मुळीच नको. डोंगर झटपट हिरवे दिसावेत म्हणून ते लावलं गेलं आणि तेही बाहेरचंच. कुणी गोदेतली जलपर्णी आधी काढू म्हणेल, तर त्याला हेही सांगा की सांडपाणी मिळतंय तोवर ती काढून संपणार नाही. तिथे आधी नाल्यांचा पिच्छा पुरवायला हवा, ती यादी वेगळी.

निघताना एक ठरलेला दगड निवडा, त्यावर उभं राहून त्याच दिशेचा फोटो काढा, आधीचा आणि नंतरचा. पुढच्या वर्षीचाही तिथूनच. हत्यारं मोजून गाडीत भरा. आणि बूट, मोजे, गाडीची चाकं झटकून-धुऊन मगच दुसऱ्या डोंगराकडे वळा. गाजरगवताचं बी चिखलातून प्रवास करतं, आणि पुढच्या रविवारी तुम्ही कुठल्यातरी स्वच्छ उतारावर ट्रेकला जाणारच आहात.