भारत-पाक संवादाच्या बाजूने लोकमत घडवताना या चुका टाळा

पहलगाममध्ये 22 एप्रिल 2025 रोजी 26 जणांचे जीव गेले. पाठोपाठ अटारीची सीमा बंद झाली, व्हिसा रद्द झाले, 1960 चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला आणि मे महिन्यात दोन्ही देश चार दिवस एकमेकांवर मारा करत होते. अशा वेळी ‘तरीही बोलणी हवीत’ म्हणणाऱ्याला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपासून चौकापर्यंत काय ऐकून घ्यावं लागतं, ते या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लोकांचा तो राग खोटा नसतो. पण संस्था-संघटनांच्या काही सवयींमुळे तो आणखी भडकतो, आणि ज्यांचं मन वळू शकलं असतं तेही दूर जातात. त्या सवयी बदलता येतात.

मैत्रीच्या भावनेवर सगळा डोलारा उभारणं

‘आपली गाणी एक, जेवण एक, माणसं सारखीच’ ही सुरुवात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कच्ची. फेब्रुवारी 1999 मध्ये पंतप्रधान वाजपेयी बसने लाहोरला गेले, देश हरखून गेला. मे महिन्यात कारगिल सुरू झालं. ज्यांचा पाठिंबा त्या बसच्या कौतुकावर उभा होता, त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

शेजारी आवडत नसला तरी त्याच्याशी बोलावं लागतं, हे लोकांना पटतं. त्यासाठी दाखला हवा, आणि तो हाताशी आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार 31 डिसेंबर 1988 ला झाला. त्यानुसार 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतरही दिली, 26/11 नंतरही दिली. यात कुणाचं कुणावर प्रेम नाही. कडव्या विरोधकासमोरही हे उदाहरण ठेवा, तो निदान ऐकून घेतो.

मृतांचा उल्लेख घाईत उरकणं

‘हल्ल्याचा निषेध आहेच, पण…’ हे वाक्य पत्रकातून कायमचं काढून टाका. ज्या घरातला माणूस गेला आहे, त्याला त्या ‘पण’च्या पुढचं काहीच ऐकू येत नाही. निषेध पूर्ण करा, तिथे थांबा. संवादाची मागणी वेगळ्या दिवशी, वेगळ्या पत्रकात करा.

सभेत ‘26/11 चं काय?’ असा प्रश्न येणारच. ‘तिकडेही लोक मरतात’ हे त्याचं उत्तर नव्हे. डिसेंबर 2014 मध्ये पेशावरच्या शाळेत मुलांचं हत्याकांड झालं हे खरंच आहे, पण प्रश्न परतवण्यासाठी ते वापरलं की दोन्हीकडच्या मृतांचा अपमान होतो. सरळ सांगा: गुन्हेगारांना शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती मागणी समोरच्या सरकारपुढे ठेवायलाही बोलणी लागतातच.

ज्यांचं खरंच नुकसान होतं, त्यांना विसरणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. काश्मीर, सियाचीन, आंतरराष्ट्रीय राजकारण यांवर तासन्‌तास भाषणं होतात आणि मच्छीमाराचं नावही निघत नाही.

कच्छ आणि सिंधमधली सर क्रीक ही खाडी आणि त्यापुढच्या समुद्रातली हद्द आजही ठरलेली नाही. मासळी जिकडे, तिकडे तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट नेतो. आपल्या बोटी पाकिस्तान पकडतो, त्यांच्या आपण. पोरबंदर, ओखा, वेरावळच्या बोटींवर आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशीही असतात. नोव्हेंबर 2021 मध्ये ओखाजवळच्या समुद्रात पाकिस्तानी यंत्रणेच्या गोळीबारात मारला गेलेला खलाशी पालघरचाच होता. पकडलेला माणूस कराचीच्या तुरुंगात जातो. शिक्षा पुरी होते, पण राष्ट्रीयत्वाची खातरजमा रखडते आणि सुटकाही रखडते. घरी पगार बंद, कर्ज चालू.

यावर तोडगा कागदावर आहेच. 21 मे 2008 च्या कराराप्रमाणे अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट मिळायला हवी. शिक्षा संपली आणि राष्ट्रीयत्व पक्कं झालं की महिन्याभरात त्याला परत पाठवायला हवं. दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते, तीही याच करारामुळे. हे सगळं डहाणूच्या किनाऱ्यावर जाऊन सांगा. ज्या बाईचा नवरा आत आहे तिला संवाद कशासाठी हवा, हे समजवावं लागत नाही. ती बोलायला तयार असेल तर व्यासपीठावर पहिली खुर्ची तिला द्या, पाहुण्या वक्त्याला नंतर.

त्याच सभागृहात तीच माणसं

नीमराणा संवादासारख्या, निवृत्त राजदूत आणि सेनाधिकाऱ्यांच्या बैठका 1991 पासून झाल्या. त्यांचा उपयोग आहे, पण लोकमत तिथे घडत नाही. ते सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत, कॉलेजांत, मच्छीमार सोसायट्यांत घडतं. माजी सैनिकांना टाळू नका. गोळीबार अनुभवलेला माणूस शस्त्रसंधीचं मोल सांगतो, तेव्हा त्याला कुणी भाबडा म्हणत नाही.

नागपूरच्या निर्मला देशपांडे विनोबांच्या भूदान पदयात्रेत घडल्या होत्या. कारगिलला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मार्च 2000 मध्ये त्या महिलांना घेऊन बसने लाहोरला गेल्या. गावोगाव पायी फिरून कमावलेला विश्वास त्यांच्या पाठीशी होता. निव्वळ पत्रकार परिषदा घेऊन तो मिळत नाही.

अडलंच तर

कार्यक्रमाला धमकी आली तर लपूनछपून जागा बदलू नका. पोलिसांना लेखी कळवा आणि आसपासच्या मंडळांना, दुकानदारांना आधीच भेटून कार्यक्रम काय आहे ते सांगा. ऑक्टोबर 2015 मध्ये मुंबईत पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली यांचा कार्यक्रम रद्द झाला. त्याच महिन्यात पाकिस्तानच्या माजी परराष्ट्रमंत्र्यांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाआधी आयोजकाच्या तोंडाला काळं फासलं गेलं, तरी प्रकाशन त्याच संध्याकाळी पार पडलं. लोकांच्या लक्षात ते राहिलं.

व्हिसा हातात पडल्याशिवाय पाहुण्याचं नाव छापू नका. एप्रिल 2025 मध्ये व्हिसा थांबण्याआधीही तो मिळायचा ठरावीक शहरांपुरता, आणि बहुतेकांना पोलिसांकडे नोंदही करावी लागायची. परदेशी देणगीसाठी 2010 च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखालची (FCRA) नोंदणी नसेल तर तो पैसा घेऊच नका. स्थानिक वर्गणी काढा आणि हिशोब जाहीर लावा.

आणि तणावाच्या दिवसांत गप्पही बसू नका. मे 2025 मध्ये कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या आपल्याच वाहिन्यांवर चालल्या, व्हिडिओ गेममधली दृश्यं लढाई म्हणून फिरली. तेव्हा संवादाचा आग्रह कुणी ऐकत नाही, पण एखादा व्हिडिओ खोटा आहे हे पुराव्यासह सांगितलं तर ऐकतात. त्यासाठी दोन-तीन जणांची जबाबदारी आधीच ठरवून ठेवा. वातावरण निवळलं की 1 जुलैची किंवा 1 जानेवारीची कैद्यांची यादी काढा, आपल्या जिल्ह्यातल्या कुटुंबांना भेटा, त्यांचे कागद एकत्र करा आणि खासदाराकडे नेऊन द्या. कैद्यांसाठी 2007 मध्ये नेमलेली दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती पुन्हा सुरू करा, ही मागणी त्याच अर्जात लिहा.