आठ जणांचं ऑपरेटिंग सेशन: मॉडेल रेल्वे कामाला कशी लावायची

ऑपरेटिंग सेशन म्हणजे लेआउटवर (मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर) खऱ्या रेल्वेसारखं काम करणं. ठरलेला डबा ठरलेल्या साइडिंगला (डबे उभे करायच्या बाजूच्या रुळाला) लावायचा, समोरून येणाऱ्या गाडीला लूपवर (स्टेशनातल्या समांतर रुळावर) थांबून वाट द्यायची, आणि हे सगळं सात-आठ माणसांनी एकमेकांच्या पायात न येता करायचं. असं सेशन फसतं ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी: डबे घसरत राहतात, नाहीतर यार्ड (डबे वेगळे करून गाड्या जुळवायची जागा) तुंबतं. दोन्हींचा बंदोबस्त माणसं जमायच्या आधीच करावा लागतो, म्हणून खाली तयारीवरच जास्त भर आहे.

इथले आकडे एचओ स्केलचे (१:८७) आहेत. एकेरी मार्ग, एक मुख्य यार्ड, वाटेत चार स्टेशनं, दोन्ही टोकांना स्टेजिंग (गाड्या जिथून निघतात आणि जिथे संपतात ते रूळ) आणि डीसीसी (प्रत्येक इंजिन वेगळं चालवता येणारी डिजिटल पद्धत), असा मध्यम आकाराचा लेआउट धरला आहे. एन स्केलवाल्यांनी (१:१६०) लांबी साधारण निम्मी धरावी.

डबे आणि रूळ

आठवडाभर आधी प्रत्येक डबा हातात घेऊन वजन, चाकं आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) तपासा. वजनाबद्दल एनएमआरएची (अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची) शिफारस लक्षात ठेवायला सोपी आहे: एचओच्या डब्याला मुळात १ औंस, वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. म्हणजे ६ इंची डबा साधारण ११३ ग्रॅम भरायला हवा. हलका डबा लांब गाडीत पुढच्या बाजूला लागला की वळणावर आत ओढला जातो आणि रूळ सोडतो. गाडी मागे ढकलताना तर हमखास. दोन चाकांमधलं अंतर एनएमआरएच्या पत्र्याच्या गेजवर बघा. कपलरची उंची उंचीच्या गेजला जोडून बघा, आणि त्याच वेळी कपलरखाली लोंबणारी वाकडी तारही तपासा. ती रुळाच्या माथ्यापासून साधारण ०.८ मिमी वर हवी. खाली आलेली तार सांध्याच्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या) फ्रॉगमध्ये, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, अडकते. सरळ रुळावर शहाण्यासारखा धावणारा डबा प्रत्येक सांध्यावर उडी मारत असेल, तर आधी ही तार बघा.

नापास डबा ‘चालून जाईल’ म्हणून परत ठेवू नका. डबे तसेही कमीच लागतात. सगळ्या साइडिंगवर मिळून डबे लावायच्या जागा किती ते मोजा आणि त्यातल्या ६० टक्केच भरा. यार्ड निम्मं रिकामं ठेवून सुरुवात करा. नवीन यजमान इथेच चुकतात: असतील नसतील ते सगळे डबे मांडतात, आणि पहिल्या तासातच एक डबा लावायला तीन डबे हलवायची वेळ येते.

दोन दिवस आधी रूळ पुसा, आणि इंजिनांची चाकंही. चाकांसाठी कागदी टॉवेलची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रुळांवर आडवी टाका. इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा संच) पट्टीवर आणि दुसरी कोऱ्या रुळावर ठेवा, इंजिन हातानं अलगद धरा आणि चालवा. कोऱ्या रुळावरची चाकं वीज घेतात, पट्टीवरची जागच्या जागी फिरून दोन काळे पट्टे सोडतात. पट्टी सरकवत राहा, पट्टे उमटायचे थांबले की दुसरी बोगी. मग प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंना टाकून बघा. पाती (सांध्याची हलणारी पट्टी) आणि रूळ यांच्यात गिट्टीचा एक दाणा अडकला तरी पाती पूर्ण टेकत नाही आणि चाक त्या फटीत शिरतं. टॉर्च तिरपी धरली की दाणा दिसतो.

शेवटी प्रत्येक गाडी एकदा पूर्ण मार्गावर स्वतः चालवा, सेशनमध्ये जितकी लांब असेल तितकीच.

लांबीचा हिशेब आधी करून ठेवा. समजा सर्वात आखूड लूप दोन फाउलिंग मार्कच्या (ज्या खुणेच्या आत राहिलं की शेजारच्या रुळावरची गाडी घासत नाही तिच्या) मध्ये २.४ मीटर आहे. २० सेमीची दोन इंजिनं, १२ सेमीची ब्रेक व्हॅन (शेवटचा गार्डचा डबा) आणि थांबण्यासाठी २० सेमी मोकळी जागा काढली की १६८ सेमी उरतात. १५ सेमीचा एक, असे ११ डबे बसतात. नियम १० डब्यांचा करा. क्रॉसिंगला एक गाडी लूपमध्ये मावली तरी पुरतं, पण दोन्ही लांब निघाल्या की पुढे-मागे करत अर्धा तास जातो आणि मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात.

विजेबद्दल एकच आग्रह: यार्ड आणि मेन लाइन वेगवेगळ्या विभागांत टाका आणि प्रत्येक विभागाला स्वतंत्र सर्किट ब्रेकर द्या. कुणीतरी उलट्या टाकलेल्या सांध्यावर इंजिन घालणारच. त्या शॉर्टनं त्याच्यापुरतंच काम थांबावं, आठही जणांचं नाही. थ्रॉटलच्या (इंजिन चालवायच्या हातातल्या कंट्रोलच्या) ताज्या बॅटऱ्या आणि किमान एक जादा थ्रॉटल जवळ ठेवा. साउंड डिकोडरचे (इंजिनातल्या आवाज काढणाऱ्या सर्किटचे) आवाज तिसऱ्या हिश्श्यावर आणा, नाहीतर माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही.

कार्ड आणि वेबिल

कोणता डबा कुठे जायचा हे सांगायची सर्वात टिकाऊ पद्धत म्हणजे कार कार्ड आणि वेबिल. प्रत्येक डब्याचं एक कायमचं कार्ड, त्यावर डब्याचा प्रकार, रंग आणि नंबर, आणि खाली खिसा. खिशात वेबिल. वेबिलाला चार बाजू, प्रत्येक बाजूवर एक मुक्काम: भरायला कारखान्यात, भरून स्टेजिंगला, रिकामा यार्डात, असं. डबा मुक्कामी पोचला की सेशननंतर वेबिल फिरवून पुढची बाजू वर आणायची. जेएमआरआयसारखं मोफत सॉफ्टवेअर गाडीनिहाय छापील यादीही काढून देतं, पण डब्यांच्या नोंदी चोख नसतील तर यादीही चुकीचीच निघते. सुरुवात कार्डांनी करा. चूक डोळ्यांसमोर दिसते आणि तिथल्या तिथे सुधारता येते.

प्रत्येक स्टेशनाच्या कडेला कार्डांची पेटी लावा, तीन कप्प्यांची: ‘उचला’, ‘लावले’, ‘थांबवा’. कार्ड डब्याबरोबरच फिरतं. कार्ड खिशात घालून कुणी चहाला गेला, तर तो डबा हरवल्यातच जमा.

माणसं

आठ जणांची वाटणी अशी करा: एक कंट्रोलर, एक यार्ड मास्टर, त्याच्या हाताखाली शंटिंग इंजिनावर एक, थेट गाड्यांवर एकेकटे तिघं आणि लोकल मालगाडीवर दोघं, एक ड्रायव्हर आणि एक गार्ड. नवख्याला लोकलवर अनुभवी गार्डच्या जोडीला द्या. थ्रॉटल नवख्याच्या हाती आणि कार्डं जुन्याच्या, म्हणजे शिकणं आपोआप होतं. यार्ड मास्टर मात्र लेआउट चांगला माहीत असलेलाच हवा.

यजमानानं स्वतः कोणतंच काम घेऊ नये. घसरलेला डबा, अडलेला सांधा, कुणाचं न सुटलेलं इंजिन यासाठी एक माणूस मोकळा लागतोच. तो गाडीत गुंतला की सगळेच अडकतात.

परवानगी आणि घड्याळ

एकेरी मार्गावर नियम एक: कंट्रोलरची परवानगी मिळाल्याशिवाय स्टेशन सोडायचं नाही. परवानगी एका ठरावीक वाक्यात: ‘गाडी ४, ब ते क, क ला लूपवर थांबा.’ ड्रायव्हरनं शब्दशः परत म्हणायचं आणि कागदावर लिहायचं. पोचल्यावर ‘गाडी ४ क ला लूपमध्ये, पूर्ण आत’ असं कळवायचं. ‘पूर्ण आत’ हे शब्द गाळू देऊ नका. ब्रेक व्हॅन फाउलिंग मार्कच्या बाहेर राहिली, तर समोरची गाडी तिच्या कुशीत घुसते. कंट्रोलरला लेआउट दिसत नसेल अशा जागी बसवा, तरच तो बोलण्यावर आणि तक्त्यावर विसंबून राहतो. वॉकी-टॉकी किंवा फोनवरचा ग्रुप कॉल पुरतो.

पहिल्या दोन-तीन सेशनला घड्याळ नको. गाड्या फक्त क्रमानं सोडा: १ गेली की २. आठ ते दहा गाड्या तीन तासांना पुरेशा होतात. फास्ट क्लॉक (खऱ्यापेक्षा वेगानं पळणारं घड्याळ) नंतर आणा, तेही ४:१ नं, म्हणजे तीन तासांत वेळापत्रकाचे बारा तास. एक खाच मात्र आहे. या घड्याळानं धावण्याचा वेळ फुगतो तसा शंटिंगचाही फुगतो. लोकलला एका स्टेशनात खरी २० मिनिटं लागली, तर घड्याळात १ तास २० मिनिटं जातात. म्हणून वेळापत्रक घड्याळ लावून केलेल्या चाचणीवरूनच बनवा.

यार्ड

यार्ड मास्टरचं पहिलं काम गाडी बनवणं नसून आगमन लाइन रिकामी करणं हे आहे. आलेल्या गाडीचं इंजिन शेडकडे सोडा, ब्रेक व्हॅन बाजूला काढा आणि डबे चार-पाचच्या तुकड्यांनी ओढून वर्गवारीच्या लाइनवर टाका. दहा डबे एकदम ओढले तर शंटिंग नेक (डबे पुढे-मागे करायला यार्डाच्या तोंडाशी ठेवलेला रूळ) पुरत नाही आणि इंजिन मेन लाइनवर जाऊन उभं राहतं. वर्गवारी ढोबळ ठेवा: पूर्वेची थेट, पश्चिमेची थेट, लोकल, शेड व इतर. स्टेशनाच्या क्रमानं डबे लावायचे ते फक्त लोकलचे. दहा डब्यांच्या एका गाडीला १५ ते २० मिनिटं लागतात, म्हणून यार्डात येणाऱ्या दोन गाड्यांमध्ये किमान तेवढं अंतर ठेवा. बाकीच्या गाड्या यार्डाबाहेरून थेट जाऊ द्या.

कंट्रोलरनं यार्ड मास्टरला विचारल्याशिवाय गाडी यार्डाकडे सोडायची नाही. आधीच्या स्टेशनात दहा मिनिटं थांबलेली गाडी परवडते, पण यार्डाच्या तोंडाशी अडकलेली गाडी सगळा मार्ग बंद करते. यार्ड दोन-तृतीयांश भरलं की धोक्याची घंटा समजा. अशा वेळी नीटनेटकेपणा सोडा. हाताशी असलेलं इंजिन लावा, कोणतेही दहा डबे घ्या आणि जादा गाडी म्हणून स्टेजिंगला पाठवा. पुढची येणारी गाडी रद्द करा.

प्रत्यक्ष दिवस

माहिती सांगायला १५ मिनिटं पुष्कळ झाली: मार्गाचा नकाशा, परवानगीचं वाक्य, हात कधी लावायचा. मग ९० मिनिटं काम, १५ मिनिटं विश्रांती, पुन्हा ७५ ते ९० मिनिटं.

हात लावायचा तो फक्त घसरलेला डबा चढवायला. डबे सोडवायला बांबूची बारीक काडी वापरा. टोक वरून दोन कपलरच्या मधोमध घाला आणि पाव फेरा फिरवा. कपलर ताणलेले असतील तर काडी कितीही फिरवली तरी सुटत नाहीत. ड्रायव्हरला बोटभर मागे घ्यायला सांगा. ढिलाई आली की नुसत्या स्पर्शानं उघडतात.

गाडी संपली की ड्रायव्हरनं इंजिन थ्रॉटलवरून सोडलंच पाहिजे. नाहीतर पुढचा माणूस तेच इंजिन घेतो, आणि दोघांच्या हातात एकच इंजिन राहतं.

घसरण झाली की चिठ्ठी लिहा: डब्याचा नंबर, जागा, पुढे जात होता की मागे. चिठ्ठी डब्याच्या कार्डात खोचा. सेशन संपल्यावर सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरा. एकच डबा निरनिराळ्या जागी घसरला असेल तर दोष डब्याचा. निरनिराळे डबे एकाच जागी घसरले असतील तर दोष रुळाचा, आणि फक्त मागे ढकलतानाच घसरले असतील तर बहुधा तिथल्या सांध्याच्या पातीचा. चिठ्ठी लागलेले डबे त्याच रात्री लेआउटवरून उतरवा.

मग वेबिलं फिरवा, पण सगळी एकदम नको. ‘लावले’ कप्प्यातली साधारण दोन-तृतीयांश फिरवून ‘उचला’मध्ये ठेवा, बाकीची ‘थांबवा’मध्ये. पुढच्या वेळी उचलायचे आणि लावायचे डबे साधारण सारखे येतील. स्टेजिंगमधल्या गाड्यांची इंजिनं दुसऱ्या टोकाला लावली, गाड्यांची कार्डं क्रमानं रचून ठेवली, की पुढचं सेशन निम्मं मांडून झालेलं असतं.