सोसायटीच्या मेन्टेनन्स शीटमध्ये चेकबॉक्स आणि कॉम्बो बॉक्स कसे टाकायचे

घणसोली घ्या, खारघर घ्या नाहीतर कळवा, बऱ्याच सोसायट्यांचा मेन्टेनन्सचा हिशोब एक्सेलवर चालतो आणि कमिटी बदलली की तीच शीट नवीन खजिनदाराकडे जाते, मग कोणीतरी फॉर्म्युल्याच्या सेलवरच आकडा टाईप करतं आणि बिलं चुकायला लागतात. म्हणून जिथे जमेल तिथे टाईप करायच्या ऐवजी क्लिकची सोय करून द्या.

चेकबॉक्ससारखे हे कंट्रोल्स डेव्हलपर टॅबमध्ये असतात, तो दिसत नसेल तर रिबनवर (वरच्या बटणांच्या पट्टीवर) राईट क्लिक, कस्टमाईज द रिबन, उजवीकडे डेव्हलपरला टिक. मग डेव्हलपरमधलं इन्सर्ट दाबा. वरचे फॉर्म कंट्रोल्स घ्या, खालचे अ‍ॅक्टिव्हएक्स नकोत, ते मॅकवर चालत नाहीत.

समजा बिलाच्या पानावर 'फ्लॅट भाड्याने दिलाय' असा चेकबॉक्स हवाय. तो माऊसने शीटवर आखा, त्यावर राईट क्लिक, फॉर्मॅट कंट्रोल, आणि कंट्रोल टॅबमध्ये सेल लिंकला एक रिकामा सेल द्या. सगळा खेळ या सेल लिंकचा आहे! चेकबॉक्स स्वतः काहीच हिशोब करत नाही, टिक केलं की त्या सेलमध्ये ट्रू लिहितो, काढलं की फॉल्स, पुढचं काम तुमच्या फॉर्म्युल्याचं. इथे इफ फॉर्म्युला लावायचा, ट्रू असेल तर सर्व्हिस चार्जेसचे १० टक्के नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो म्हणून लागणारा चार्ज), नाहीतर शून्य. महाराष्ट्रात कमाल मर्यादा १० टक्केच आहे आणि त्यात म्युनिसिपल टॅक्स धरत नाहीत, त्यामुळे प्लीज एकूण बिलावर टक्के लावू नका, भाड्याने देणाऱ्या मेंबरवर तो अन्याय होतो.

चेकबॉक्स कॉपी करून खालच्या ओळींत पेस्ट केला तर सेल लिंक जुनीच राहते, एकाला टिक केलं की सगळ्यांना टिक, म्हणून प्रत्येकाची लिंक बदलावी लागते. एक्सेल ३६५ असेल तर इन्सर्ट टॅबमधला नवीन चेकबॉक्स वापरा, तो सेलच्या आतच बसतो त्यामुळे ही भानगडच नाही, गुगल शीट्समध्येही तसंच.

फ्लॅट नंबर निवडायला कॉम्बो बॉक्स, म्हणजे क्लिक केल्यावर खाली उघडणारी यादी. इनपुट रेंजला फ्लॅटची उभी यादी द्या, पण लक्षात ठेवा की सेल लिंकमध्ये फ्लॅट नंबर येत नाही, यादीतला कितवा ते येतं, चौथा निवडला की ४. इंडेक्स फॉर्म्युल्याने त्या ४ वरून मालकाचं नाव, थकबाकी सगळं ओढून आणायचं.

थकलेले महिने कमीजास्त करायला स्पिन बटण (वर-खाली बाणांचं), मिनिमम ० मॅक्सिमम १२. याला दशांश कळत नाही आणि ३०००० च्या वर जाता येत नाही, म्हणून व्याजदर साडेसतरा हवा असेल तर १७५ ठेवून शेजारच्या सेलमध्ये १० ने भागा.

चेकबॉक्स किंवा दुसरा कंट्रोल जागेवरून हलवायचा असेल तर कीबोर्डवरची Ctrl की दाबून क्लिक करा, नाहीतर टिकच होत राहतं. सगळं बसलं की रिव्ह्यूमधून प्रोटेक्ट शीट, पण त्याआधी लिंक दिलेले सेल फॉर्मॅट सेल्समध्ये जाऊन अनलॉक करा, ते लॉक राहिले तर क्लिक केल्यावर नुसता एरर येतो.