पूर्व भागाचा लघुपट : आधी आवाज, मग चित्र

सोलापूरच्या पूर्व भागाचे वातावरण प्रयोगशील लघुपटातून उभे करायचे असेल, तर कथा आणि पात्रे शोधण्याआधी ध्वनिमुद्रण करावे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांची खडखड कारखान्याच्या दारात, बोळाच्या टोकाला आणि शेजारच्या घरातील बंद खिडकीआड निरनिराळी ऐकू येते. या तिन्ही ठिकाणी जागेवरून न हलता दोन-तीन मिनिटे मुद्रण करावे. मोबाइल आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो व त्यामुळे मागाचे ठोके सपाट होतात, म्हणून पातळी हाताने ठरवता येईल असे अ‍ॅप वापरावे आणि मोठ्यातला मोठा ठोका अ‍ॅपच्या पातळीदर्शकावर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे. माग बंद पडल्यानंतरची शांतताही हवी. वीज गेली की ती अनायासे मिळते.

चित्रीकरणात पहिली अडचण ट्यूबलाइटची येते. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने सेकंदाला 25 फ्रेम आणि शटरचा वेग 1/50 सेकंद ठेवावा, अन्यथा पडद्यावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. या शटरला धावत्या धोट्याची, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाची, केवळ पुसट रेघ उमटते. ती तशीच राहू द्यावी.

घरी विड्या वळणाऱ्या महिलांचे चित्रीकरण त्यांच्या परवानगीनेच करावे, आणि चेहऱ्याऐवजी मांडीवरचे सूप, कात्रीने कापलेले तेंदूचे पान, त्यात भरलेली तंबाखू, बोटांनी दिलेला पीळ आणि शेवटी गुंडाळलेला दोरा एवढेच जवळून घ्यावे. एक विडी पुरी होईपर्यंत शॉट तोडू नये, कारण त्या हातांची लय कोणत्याही संकलकापेक्षा सरस असते.

संकलनाच्या वेळी आधी आवाज लावून घ्यावा आणि मग त्यावर चित्रे बसवावीत. प्रत्येक ठोक्याला चित्र बदलण्याचा मोह होतो, पण त्याने लघुपट जाहिरातीसारखा वाटू लागतो. प्रत्यक्ष माग शक्य तितक्या उशिरा दाखवावा. पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजाच्या घरांतून कानी पडणाऱ्या तेलुगूला उपशीर्षके देण्याची मला गरज वाटत नाही. मात्र कोणाचे खासगी बोलणे मुद्रित झाले असेल, तर ते काढूनच टाकावे. अखेरची प्रत हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर अशी दोनदा ऐकावी, कारण भिंतीपलीकडच्या मागाचा खर्जातला आवाज लहान स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो.