क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवून मागताय? आधी या चुका टाळा

"काका, कार्डाचं लिमिट वाढवून घिऊ काय? कमी पडाय लागलंय."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपचे हिशेब मी बघतो. महिन्यातून एक-दोनदा तरी चहाच्या वेळेला कुणीतरी मोबाइल पुढं करून हा प्रश्न विचारतंच. परवा विचारणारा आमचा लेथवरचा पोरगा होता. कार्डाचं लिमिट ६०,०००, बिल ४८,००० आणि बँकेच्या ॲपवर '१,६०,००० पर्यंत वाढवा' असं हिरवंगार बटण. म्हटलं, बटण ऱ्हाऊ दे, आधी स्टेटमेंट दाखव.

लिमिट कुठं कमी पडतंय ते पहिल्याच पानावर दिसलं. बिल निघायचं १८ तारखेला, भरायची शेवटची तारीख ७ आणि पगार व्हायचा १० ला. त्यामुळं दर महिन्याला हा गडी ७ ला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, भरायचा आणि पगार झाला की उरलेले सगळे. पैसा काही बुडवत नव्हता, फक्त तीन दिवस उशीर. पण देय तारखेला पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत गेली, आणि व्याज धरलं जातं ते खरेदी केली त्या दिवसापासून. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चालू. त्याच्या स्टेटमेंटवर 'फायनान्स चार्जेस' आणि त्याखाली जीएसटी, मिळून दीड-दोन हजार रुपये दर महिन्याला जात होते. त्याला वाटत होतं ती कार्डाची फी असते.

या पोराला लिमिट नको होतं, तारीख बदलून हवी होती.

कमी काय पडतंय ते न बघताच मागणं

मी बघितलेल्यात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. क्रेडिट कार्डांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ग्राहकाला बिलाची तारीख बदलून मागता येते. किमान एकदा तरी बँकेनं ती सोय द्यायचीच आहे. कस्टमर केअरला फोन करा किंवा ॲपमध्ये 'बिलिंग सायकल' शोधा. पगार १० ला होत असेल तर बिल २५ च्या आसपास निघू द्या, म्हणजे भरायची तारीख पुढच्या महिन्यात १४-१५ ला येते.

दुसरा प्रकार सिबिल स्कोअरच्या, म्हणजे कर्ज देताना बँका बघतात त्या गुणांच्या, काळजीपोटी मागणाऱ्यांचा. लिमिटच्या किती टक्के वापर चाललाय याला स्कोअरमध्ये वजन असतं आणि ३० टक्क्यांच्या आत राहावं असा ढोबळ संकेत आहे. ६०,००० वर ४८,००० म्हणजे ८० टक्के. लिमिट १,६०,००० झालं की तेच ४८,००० बरोबर ३० टक्के होतात, हे खरं. पण पगार झाल्याबरोबर, बिल निघायच्या आधीच ३०,००० भरून टाकले तर बाकी राहते १८,०००, आणि ६०,००० चे तेही ३० टक्केच. बँकेकडून क्रेडिट ब्युरोला, म्हणजे सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांना, जाणारी माहिती पूर्वी महिन्यातून एकदा जायची, २०२५ मध्ये ती किमान पंधरवड्यातून एकदा पाठवायचा नियम लागू झाला. त्यामुळं मधेच भरलेले पैसे लवकर दिसतात. कार्डाचं बिल महिन्यातून एकदाच भरायचं असं कुणी सांगितलंय कोण जाणे! दोनदा भरा, चारदा भरा.

बाय द वे, हा पोरगा सुट्टीच्या दिवशी स्वतःचं जॉबवर्क करतो आणि त्याचे इन्सर्ट, ड्रिल, होल्डर सगळं याच कार्डावर घेतो. बऱ्याच बँकांच्या अटींत वैयक्तिक कार्डावर धंद्याची खरेदी बसत नाही. लिमिट वाढवायला गेलं की बँक खर्चाचा पॅटर्न बघते, तेव्हा हे खुपतं.

मिनिमम भरत असताना मागणं

इथं मी सरळ नको म्हणतो. ज्याची बाकी महिन्यामागून महिने पुढं सरकतेय त्यानं लिमिट वाढवणं म्हणजे खड्डा भरायच्या ऐवजी रुंद करणं.

हिशेब बघा. बिल ६०,०००. मिनिमम ५ टक्के धरला तर ३,००० भरले, राहिले ५७,०००. महिना साडेतीन टक्के व्याज, हा दर बऱ्याच कार्डांवर असतो, म्हणजे १,९९५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३५९. एकूण २,३५४. तुम्ही भरलेल्या ३,००० पैकी कर्ज कमी झालं फक्त ६४६ रुपयांनी, तेही महिनाभरात एक रुपयाची नवी खरेदी केली नाही तर. आणि खरेदीच्या दिवसापासून बिल भरेपर्यंतचं व्याज मी यात धरलेलंच नाही.

वर्षाला हे ४२ टक्के पडतं. आमच्याकडं करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांतून कामाला येणारी बरीच मंडळी उसाच्या बिलाच्या भरवशावर कार्ड वापरतात. कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण मुळात तोड कधी येणार हेच आपल्या हातात नसतं. कार्डाची बिनव्याजी मुदत जेमतेम ४५-५० दिवसांची. तिला तुमच्या फडाशी काही देणंघेणं नाही. सोसायटीचं पीक कर्ज ७ टक्क्यांनं मिळतं, वेळेत फेडलं तर व्याज आणखी कमी. सोनं घरात असेल तर त्याच्यावरचं कर्जही कार्डाच्या बाकीपेक्षा कितीतरी स्वस्त. कार्डाची बाकी थकली असेल तर आधी ती सोन्यावरच्या कर्जातून फेडा.

घराच्या कर्जाच्या तोंडावर कार्डाला हात लावणं

ही चूक माझीच. पाचगावला फ्लॅट बघितला होता, टोकन दिलं होतं. फर्निचरला लागतील म्हणून त्याच महिन्यात एका कार्डाचं लिमिट वाढवायला अर्ज टाकला, दोन नव्या कार्डांना 'प्री-अप्रूव्ह्ड' म्हणून होकार दिला. तीन ठिकाणांहून माझा सिबिल रिपोर्ट ओढला गेला. गृहकर्जाच्या फाइलवर बसलेल्या बाईंनी विचारलं, "काका, एका महिन्यात तीन एन्क्वायऱ्या कशाला?" मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि मंजुरी लांबली. इकडं फ्लॅटवाल्याचे दिवसाला दोन फोन.

लिमिट वाढवताना प्रत्येक वेळी अशी एन्क्वायरी पडतेच असं नाही. बँकेनं आपणहून दिलेली ऑफर असेल तर सहसा पडत नाही, तुम्ही अर्ज केला तर पडू शकते. होकार देण्याआधी एकच विचारा: यासाठी हार्ड एन्क्वायरी, म्हणजे रिपोर्टवर नोंद राहणारी चौकशी, होणार का? आणि कार्डावरची बाकीही कर्जाच्या हिशेबात येते. बरेच कर्ज अधिकारी तिच्या ५ टक्के रक्कम दरमहाचा हप्ता म्हणून धरतात. घर, गाडी, शिक्षण, कुठलंही मोठं कर्ज सहा महिन्यांच्या आत घ्यायचं असेल तर कार्डाला हात लावू नका.

गुजरीत जायचंय म्हणून

लग्न ठरलं की हा विचार डोक्यात येतोच. लिमिट वाढवू, गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, कार्ड स्वाइप करू, मग हप्ते पाडून घेऊ. सोन्याच्या खरेदीचे कार्डावर हप्ते बँका करून देत नाहीत. वर काही दुकानदार कार्डाचे दोन टक्के वेगळे मागतात. चार लाखांवर ते ८,००० झाले, मजुरीत घासाघीस करून जेवढे वाचवले तेवढे तिथंच गेले. टीव्ही-फ्रिजचे हप्ते पडतात, पण पूर्ण रक्कम लिमिटमधून अडकते आणि हप्ता भरेल तशी सुटत जाते. हे ठाऊक नसल्यामुळंही अनेकांना 'लिमिट अचानक संपलं' असं वाटतं. बायकोला ॲड-ऑन कार्ड काढून दिलंय? तेही त्याच लिमिटमधून खातं.

मग मागायचं कधी?

वर्षभर दर महिन्याला पूर्ण बिल भरताय, पगार वाढलाय, खर्च खरोखर वाढलेत आणि तरी महिनाअखेरीस कार्ड काठावर येतं. मग खुशाल मागा. दवाखान्यासाठी राखीव म्हणून मागणंही मला पटतं. रात्री अकरा वाजता गावाकडून पेशंट आणलाय, विम्याच्या कॅशलेसचा कागद सकाळी येणार आणि काउंटरवर डिपॉझिट मागतायत, अशा वेळी कार्डावर लाखभर मोकळे असलेले बरे. फक्त त्या लाखाला सोफ्याचा मोह होऊ देऊ नका. ॲपमध्ये ऑनलाइन आणि दुकानातल्या खरेदीची मर्यादा आपली आपल्याला ठरवता येते. लिमिट दीड लाख ठेवून वापराला ५०,००० ची कडी घाला.

अर्जाबरोबर ताजी सॅलरी स्लिप किंवा यंदाचं आयटी रिटर्न द्या. बँकेच्या नोंदीत तुमचा पगार अजून कार्ड काढताना होता तोच असतो, आणि त्यावरच नकार येतो.

नकार आला तर

लगेच दुसऱ्या बँकेकडं पळू नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो काढून बघा. जुनं 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलेलं) खातं, फेडूनही चालू दिसणारं टू-व्हीलरचं कर्ज, भलत्याच माणसाचं खातं, असलं काहीतरी निघतं. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागायचा तुम्हाला हक्क आहे. सगळं स्वच्छ असून नकार असेल तर सहा महिने थांबा. घाईच असेल तर एफडीवर मिळणारं कार्ड बघा.

फोनवर 'हो' म्हणणं

"सर, तुमचं लिमिट वाढवून देतो, फक्त आलेला ओटीपी सांगा." फोन ठेवा. लिमिट वाढवायला कुणालाही ओटीपी सांगायचा नसतो, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडायची नसते. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि लगेच बँकेत कार्ड ब्लॉक, रडारड नंतर. आणि तुम्ही होकार न देता खऱ्या बँकेनंच लिमिट वाढवलेलं दिसलं, तर लेखी तक्रार करून पूर्वीएवढं करून घ्या. ग्राहकाची स्पष्ट संमती हवीच, असा नियम आहे.

लेथवरच्या पोरानं त्याच दिवशी चहा संपायच्या आत ॲपमधून तारीख बदलली. आता एक लक्षात ठेव म्हटलं, तारीख बदलल्यावरचं पहिलं बिल नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी दिवसांचं येतं. तेवढ्या एका महिन्याला सवयीनं न भरता स्टेटमेंटवरची देय तारीख वाचून भर.